हलवू नका

पट्टी त्र्याऐंशी टक्क्यांवर थांबली
आणि काळ्या पडद्यावर पांढरी तक्रार उमटली:
छपाईला हवी अक्षरांची नवी लायब्ररी,
जुनीच्या पंगतीला ती बसणार नाही.
टंकलेखनाला हवी जुनीच,
नवी आली तर ते ताटावरून उठणार.
आणि छपाईवाचून टंकलेखन आत यायलाच तयार नाही.
तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना,
आणि मध्ये मी, आठ जुने कॉम्प्युटर घेऊन.

नारिनच्या वरचं गाव, शाळेची खोली नंबर चार.
शेगडीतला कोळसा संपत आलेला.
वीज सहाला जाते. साडेचार झालेत.
मी भौतिकशास्त्र शिकवते, हे माझं काम नव्हे.
ज्याचं होतं तो मक्सतबेक
तीन वर्षांपूर्वी येकातेरिनबुर्गला गेला,
गोदामात खोकी मोजतो.

मी नवी काढून पाहिली.
छपाई गेली, जाताना सोबत नेलं
चित्रं, घड्याळ आणि, का कोण जाणे, आवाज.
नवी परत घातली, जुनीला हात लावला.
मशीनने विचारलं:
दोनशे चौदा गोष्टी पुसू का? हो की नाही?
दोनशे चौदा!
एवढी माणसं तर आमच्या लग्नांतही रुसत नाहीत.
मी 'नाही' दाबलं,
झोपलेल्या पोराखालून हात काढून घ्यावा तसं, हळूच.

मग सापडली ती ओळ,
एका आडबाजूच्या फाइलीत, मक्सतबेकच्या हातची:
'ही जुनीच राहू द्या. हलवू नका.
नवीत कुम्युशचं नाव उमटत नाही.'

कुम्युश तेव्हा दुसरीत.
नवीत तिच्या नावाचं व्हायचं
क, चौकोन, म, चौकोन, श.
रशियन अक्षरं सगळी धडधाकट,
फक्त आमची म्हणून जी तीन, त्यांच्या जागी भोकं.
ती म्हणाली होती, माझ्या नावाला खिडक्या आहेत.
वर्ग हसला होता. मक्सतबेक हसला नव्हता.

फोन लावला. पलीकडे फोर्कलिफ्टचं बीप, बीप.
'अजून धरून ठेवलंय ते?
एजे, ते दुरुस्त होऊन दोन वर्षं झाली.'
कुणी केलं?
बीप, बीप.
'केलं कुणीतरी. हॉस्टेलमध्ये वरचा बंक मिळाला की
रात्रपाळीनंतर वेळ असतो माणसाला.'
मग कुणीतरी त्याला हाक मारली, रशियनमध्ये,
त्याचं नाव अर्धंच घेऊन.

मी ती ओळ पुसली. जुनीला जाऊ दिलं.
चौऱ्याऐंशी.
शेवटची दोन ढेकळं शेगडीत टाकली.
नव्वद, आणि तिथे इतका वेळ
की मी कोट अंगात चढवला.
पाच बावन्नला पट्टी पुरी झाली.

पहिला शब्द म्हणून तिचं नाव टाइप केलं.
कुम्युश आता पाचवीत आहे,
बाहेर बर्फात कुणाच्या तरी टोपीसाठी भांडते आहे,
तिला यातलं काही आठवत नाही.
पाचही अक्षरं आली. खिडक्या लिंपलेल्या.

आवाज मात्र अजून नाही.
तो कुणावर अडून बसलाय
ते उद्या, वीज आल्यावर.