कोणता मारुती?

रात्रीचे साडेनऊ. बाणेरच्या ऑफिसात
एसी बंद होऊन अर्धा तास झालाय.
फरहान अत्तार म्हणतो, मॅडम,
कालपर्यंत बेरीज बरोबर येत होती.
मी फाइलच्या डोक्यावर बघते:
दोन मॉड्यूलं, दोन्ही सताड उघडी,
दोन्हींत ‘गोळा’ नावाचं एकेक फंक्शन.
खालचं वरच्यावर बसलंय.
कंपायलरची काही तक्रार नाही.
त्याच्या लेखी शेवटी आलं ते खरं.

तू कुठला रे?
मोमिनपुरा.
मग रिक्षावाल्याला कधी नुसतं ‘मारुती’ म्हणालायस?
जिलब्या, डुल्या, भिकारदास –
पुढे काहीतरी जोडल्याशिवाय
या गावात देवालासुद्धा पत्र जात नाही.

तो हसतो. पुरती नावं लिहायला लागतो:
पावती टिंब गोळा. परतावा टिंब गोळा.
बेरीज जुळते. डबा उचलून तो जातो.

मी बसून राहते.
ते वरचं, झाकलं गेलेलं नाव
कुठेतरी सलतंय.

आईचं नाव शैलजा. रेशनकार्डावर, गॅसच्या पुस्तकावर,
माझ्या दाखल्यावर.
एकोणऐंशी साली ताटभर तांदळात
बाबांनी अंगठीनं तीन अक्षरं ओढली
आणि तिथून आत सगळीकडे शैलजा.
तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजले असणार.

मागच्या महिन्यात बोहरी आळीत
आम्ही गाळणी बघत होतो.
रस्त्यापलीकडून एक बाई ओरडली,
द्वारकेऽ!
मी मान वर केली नाही.
माझ्या हद्दीत या नावाचं कुणी नव्हतं.
आई वळली.
अख्खी वळली, पिशवीसकट, दुखरा गुडघा विसरून,
एका टेम्पोला हातानं थांबवत.

पंचेचाळीस वर्षं शैलजा वर बसून होती.
खाली ती तशीच,
कुणी पूर्ण पत्त्यानिशी हाक मारायची वाट न बघता.

दोघी नाना पेठेतल्या कुठल्याशा
शिवणाच्या बाईंची नक्कल करत हसत राहिल्या.
मी दुकानाच्या पायरीवर, हातात गाळणी.
तिथलं एकही नाव माझ्यापर्यंत
कधी कुणी पाठवलेलं नव्हतं.

येताना रिक्षात विचारलं,
मी म्हणू का गं तुला द्वारका?
ती बराच वेळ मीटरकडे बघत होती.
तू नको, म्हणाली.
तू म्हटलंस तर ती दुसरीच कुणी होईल.

मग म्हणाली,
सुटे आहेत का बघ.