एक्केचाळीस नंबर

बांबोळीला, हृदयाच्या ओपीडीत
मी नंबर पुकारते.
सकाळी सातपासून माणसं
केसपेपर छातीशी धरून.
काणकोण, वाळपई, पेडणे.

गठ्ठ्यात एक्केचाळिसावा: रुझार बार्रेटो.
मान वर केली. तोच.
कुडचड्याचा, स्टेशनसमोरचा कॅसेटवाला.

कोरी टेप अठरा रुपये,
भरून घेतली तर पंचवीस.
एका बाजूला बाबांची नाट्यपदं,
दुसरीकडे माझी गिटारची आदळआपट.
बाजू उलटली की बाबा अंगणात निघून जायचे.
रुझारनं मात्र कधी नाक मुरडलं नाही.
पेन्सिलीनं फीत गुंडाळत एवढंच,
"आयक, मागीर सांग."
आणि भाटकाराचा मुलगा जीप लावून
मध्येच घुसला, की
"लायनींत राव रे, पुता."

अकराला वरून फोन आला,
अमक्यांच्या मेहुण्यांना आधी घ्या.
म्हटलं, तेवीसनंतर चोवीस येतो.
रिसीव्हर ठेवताना हात थरथरला,
तेही खरं.

मग उठले, आणि माझी खुर्ची
रुझारला नेऊन दिली.
त्यानं ओळखलं नाही. बसला,
गुडघ्यावर दोन बोटांनी
कसलासा ठेका धरला.
तो मला ओळखीचा वाटला;
वाटायचाच.

चाळीस नंबरची बाई
भिंतीला टेकून उभीच होती,
धारबांदोड्याहून दोन बस बदलून आलेली,
पाय सुजलेले.

तिला लहानपणी काय ऐकायला आवडायचं
मला ठाऊक नव्हतं.