एकशे बारावं पान

एकशे बाराव्या पानावर मी मरते.

छातीत धूळ साचून, पहाटे,
आईच्या मांडीवर डोकं ठेवून.
आणि बाहेर, लेखक म्हणतो, वारा थांबतो.

सस्कॅचवानात वारा थांबत नाही.
मी अकरा वर्षांची होते, ते पान
मीच मोठ्यानं वाचत होते आईसाठी.
तिला इंग्रजी वाचता यायचं नाही
आणि फिरत्या वाचनालयाची पेटी
शनिवारच्या गाडीनं परत जायची होती.

वाचायचं, मग युक्रेनियनमध्ये सांगायचं.
धूळ, ताप, मरण हे शब्द पटकन सापडले.
‘उदात्त’ सापडेना, तेव्हा मी ‘उंच’ म्हटलं.
आई पाच फूटही नव्हती.

“मी मेल्यावर तू रडत नाहीस,” मी म्हटलं,
“खिडकीशी उभी राहतेस.”
“कुठल्या खिडकीशी?”
त्या भिंतीला आमची चूल होती.
बटाटा सोलत होती ती,
सालाची लांब पट्टी तिनं तुटू दिली नाही.

चौतीसच्या उन्हाळ्यात आला होता तो,
मिस्टर पेलहॅम, टोरांटोहून, नऊ दिवस.
आमच्या धान्याच्या कोठारात झोपला,
तिथं धान्याखेरीज सगळ्याला जागा होती.
मला तेव्हा डांग्या खोकला झाला होता.
मी खोकले की तो वही उघडायचा.

पुस्तकातली मार्था हात पसरत नाही,
बोलत नाही, क्षितिजाकडे बघते.
आमच्या तेक्ल्याबाईनं त्याला रोज दोन अंडी विकली
गावातल्या भावाच्या तिप्पट दरानं,
आणि एप्रनच्या खिशात किलवरची राणी दडवून
पत्त्यांत पंचाहत्तर सेंट काढले त्याच्याकडून.
क्षितिज म्हणे!
विहिरीपलीकडचं तिला धड दिसत नसे.

मासाही नाही पुस्तकात.
पूर्वेकडच्या कोळ्यांनी आम्हा दुष्काळ्यांना
वाघीण भरभरून धाडलेला खारवलेला कॉड,
दारासारखा टणक.
उकळला तर कुत्रा घर सोडून गेला.
शेवटी बाबांनी दोन मासे खिळे मारून
खुराड्याच्या गळक्या छपराला ठोकले
आणि शेजारची लिंडक्विस्टबाई एवढी हसली
की कुंपणाला धरून खाली बसली.
पेलहॅमही हसला, डोळे पुसत.
मग वही मिटून खिशात घातली त्यानं.
उपाशी माणसं हसताना छापली
तर वाचणाऱ्याचं पोट कसं तुटावं?

आणि मरण.
ते आलं तो गेल्यावर, फेब्रुवारीत,
लिंडक्विस्टांच्या एस्किलकडे.
पोटात दुखतंय म्हणाला, आठवा वाढदिवस होऊन गेला होता.
पेट्रोलला पैसे नव्हते म्हणून इंजिन काढलेल्या मोटारीला
घोडा जुंपून निघाले डॉक्टरकडे,
चौथ्या मैलावर बर्फात चाकं रुतली.
त्याच्यावर एक ओळ नाही कुठं.
मी मेले ते पान मात्र, पेटीतून येईपर्यंत,
कुणाकुणाच्या आसवांनी फुगलं होतं.

मला राग आला होता. पुस्तक मिटत होते मी.
आई म्हणाली, “वाच. दमडी न देता मिळालंय.”

मी मेल्यानंतर सतरा पानांनी
मार्था सगळ्यांच्या नंतर जेवते, उभ्यानं,
पाठ करून. पातेल्याच्या कडेनं बोट फिरवते
आणि दुसऱ्या हातानं डाव आपटत राहते
म्हणजे मुलांना वाटावं, भांडी घासतेय.

साल तुटलं.

“पुन्हा वाच,” आई म्हणाली.
वाचलं.
“त्यानं कधी पाहिलं?”
मला काय माहीत. मी तर रोज
तो डावाचा आवाज ऐकत झोपायची,
घासतेय असंच समजून.

एस्किलच्या आईला हे पुस्तक दाखवायचं नाही,
एवढंच बोलली ती, आणि बटाटे धुतले.

शनिवारी पेटी गेली.
त्या रात्री आई आमच्यानंतरच जेवली,
पण स्टूल ओढून, बसून,
आमच्याकडे तोंड करून.