हातचा

मनगट प्लास्टरमध्ये, म्हणून यादी नेझाहतने तोंडी सांगितली
आणि शाबानने लिहून घेतली,
छत्तीस वर्षं कोळसा खणलेल्या बोटांनी,
ज्यांत पेन्सिल काडीसारखी हरवून जाते.

"आधी अख्खा बाजार हिंडून ये, रिकाम्या पिशवीनं.
पहिल्याच गाड्यावर थांबलास की संपलास.
टोमॅटो चारनंतर. तोवर ओरडणारे थकतात.
मासळी मात्र सकाळीच, डोळे बघून.
लिंबू हातात तोल, जड लागेल तेच घे.
चीज चाखायला देतील. चाख, पण लगेच मान डोलावू नकोस.
अंडी पंधरा.
तीस आणली की तू चार-चार खातोस."

पाकिटात नोटा, मोजलेल्या.
बाहेर झोंगुलदाकच्या उतरत्या पायऱ्या, खाली राखाडी समुद्र,
आणि एक निवृत्त खाणकामगार,
ज्याच्या डोक्यात कांद्याचा भाव
मुलगी शाळेत होती तेव्हापासून थांबलेला.

"आजोबा," घेवडा विकणारा पोरगा म्हणाला,
"हा भाव मागच्या बुधवारचा.
त्याआधीचा माझ्या वडिलांना विचारा."

घासाघीस करताना त्याचा आवाज चढला, भाव उतरला नाही.
ऑलिव्ह राहिले. साबण राहिला.
टोमॅटो त्याने अकरालाच घेतले होते.

ती काही बोलली नाही. म्हणाली, "वही घे. मांड."

वही तेलकट, पुठ्ठ्याला दोरा.
आत आठवड्यामागून आठवडे, तिचं बारीक, घाईचं अक्षर:
पीठ, चहा, चणे, लाँड्रीचं निळं,
आणि प्रत्येक पानावर तळाशी, बेरजेच्या अगदी वर,
मीठ.

दर आठवड्याला मीठ?
स्वयंपाकघरातली मिठाची बरणी त्याला पाठ आहे,
दोन महिने तरी तळ दिसत नाही.
मागच्या वह्या त्याने फडताळातून काढल्या.
नोटांवर शून्यं चढत गेली होती,
मग सरकारनं एका जानेवारीत सहा शून्यं पुसली,
तरी ती ओळ तशीच, तळाशी.
एवढं मीठ खाल्लं असतं
तर हे घर केव्हाच समुद्रात विरघळलं असतं.

संपाच्या हिवाळ्यात पगार नव्हता, पण पाव होता.
सेल्माची फी शेवटच्या दिवशी भरली गेली.
भावाच्या मयताला रात्रीच्या बसची दोन तिकिटं.
दर वेळी त्यानं विचारलं होतं, कुठून आणलेस?
दर वेळी तिनं चुलीकडे बघत सांगितलं होतं,
होते.

आणि कॉफीच्या दुकानात, पत्ते पिसत,
तो मित्रांना सांगायचा:
माझ्या घरात कधी काही कमी पडलं नाही.

शाळेतलं गणित त्याला एवढंच आठवतं,
हातचा विसरला की उत्तर चुकतं.
हातचा कोण सांभाळतं, हे गुरुजींनी शिकवलं नव्हतं.
खाणीत तो पितळी बिल्ले मोजायचा,
जेवढे खाली गेले तेवढे वर यायला हवेत;
एक कमी भरला तर कुणी घरी जात नसे.

त्याने वह्या होत्या तशाच परत रचल्या.
काही विचारलं नाही.
मग आजचं पान मांडलं, पीठ, मासळी, घेवडा, अंडी (पंधरा),
दोनदा बेरीज केली,
दोन्ही वेळा पस्तीस लिरा जुळेनात.

थोडा वेळ पेन्सिल चावली.
मग तळाशी, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरात, लिहिलं:
मीठ, ३५.

नेझाहतने चष्मा लावला.
डाव्या हाताचं बोट ओळीओळीने खाली आलं,
टोमॅटोपाशी सुस्कारलं,
शेवटच्या ओळीवर थांबलं.

तिने वर पाहिलं.
बाजाराच्या कोपऱ्यावर, चहाच्या टपरीवर
गरम सिमित खाल्ला होता त्याने, उभ्या उभ्या,
आणि पांढऱ्या मिशीत
अजून एक तीळ अडकला होता.

तिने तो बोटाने अलगद टिपला,
वहीच्या कडेवर ठेवला,
आणि म्हणाली,
"मीठ महागलंय."