मूठ

तुझ्याआधीची तीन पोरं गेली म्हणून
सासूनं तुझं नाव ठेवलं दुरसुन.
म्हणजे, राहू दे.
राहिलास.
आता छातीत धातूची झडप,
रात्री घड्याळासारखी टिकटिकते;
मी कूस बदलते, मोजत राहते.

त्राब्झोनची डॉक्टरीण म्हणाली,
काळ्या कोबीच्या पाल्यात 'के' असतं,
रक्त गोठवणारं. गोळीचं काम उलटं.
पाला बंद करू नका, वाढवू नका,
रोज तेवढाच.

तेवढाच म्हणजे किती, बाई?
मी जन्मात मीठ मोजलं नाही.
घरी चहाचा पाला तोलायचा काटा आहे, पोत्यांचा;
त्यावर सहा पानं ठेवली,
तो हललासुद्धा नाही.

शेवटी मूठच.
धुक्यात उतारावर वाकायचं, देठ मोडायचे,
मग घेवडा, मक्याचं पीठ, आणि ती एक मूठ.
ईदला गुलिझार आली,
बापाला मायेनं दोन डाव जास्त वाढले.
मी तुझ्या ताटलीतून माझ्यात ओढले.
आई, कधीपासून गं इतकी चिकट?
तू ठसका लागेपर्यंत हसलास.

या महिन्यात रक्ताचा आकडा जागेवर आला.
कशानं मोजता, डॉक्टरणीनं विचारलं.
मी हात पुढे केला:
हिरवट नखं, वाकडी करंगळी.
तिनं कागदावर काय लिहिलं, दिसलं नाही.

एक तिला सांगितलं नाही.
थंडीत माझी बोटं सुजतात,
मूठ पुरती मिटत नाही.
तेव्हा एक पान परत टाकते,
कधी टाकत नाही,
आणि रात्रभर ऐकते.