येणे बाकी

नगरपालिकेला एक पान हवंय.
क्लबला पंच्याऐंशी वर्षं झाली,
मैदानाच्या फाटकावर पाटी लागणार आहे.
"थोडक्यात लिहा, सी बूजेमा," कारकून म्हणाला,
"करंडक वगैरे."

करंडक एकच. एकाहत्तरचा, जिल्ह्याचा.
त्यात मी शिट्ट्या ठेवतो
आणि पंपाच्या सुया.

गावाचं नाव ऐन तुफ्फाह, सफरचंदांचा झरा.
सफरचंद कुणी पाहिलेलं नाही.
झरा आटला, त्या खळग्यात मैदान आहे,
म्हणून कॉर्नरचा चेंडू आपोआप मध्याकडे घरंगळतो
आणि पाहुणे संघ तक्रार करतात.

माझ्याजवळ पुरावा म्हणून आईची धुण्याची वही आहे.
खैराला अक्षर येत नव्हतं.
एका जर्सीला एक उभी रेघ.
फाटली असेल तर तीवर आडवी.
रक्त असेल तर टिंब.

पहिलं पान, अडतीस साल: अकरा रेघा.
पिठाच्या पोत्यांच्या जर्स्या,
वडिलांच्या न्हाव्याच्या दुकानात शिवलेल्या,
पातेल्यात उकळून हिरव्या केलेल्या.
अर्ध्या तासात घामाने रंग सुटला.
आठवडाभर गावात अकरा हिरव्या काखा हिंडत होत्या.

मग साहेबाचा हुकूम: संघात युरोपीय हवेत,
नाहीतर परवाना नाही.
गवंड्याचा अन्सेल्मो आला, गोलात उभा राहिला.
चेंडू आला की आधी टोपी सावरायचा.
हरायचो आम्ही, पण परवान्यासकट.

छप्पन साली डोंगरातून निरोप आला,
खेळ बंद.
वही मात्र बंद झाली नाही.
सहा वर्षं एकही रेघ नाही,
नुसती टिंबं. पानंच्या पानं.
रात्री कुणाचे कपडे धुतेस, मी विचारायचो.
"डाळिंबाचे डाग आहेत," म्हणायची. "झोप."

टिंबांच्या मधे कुठेतरी एक तिरकी रेघ आहे.
ती सद्दीकची, आमच्या डाव्या बगलेची.
तो काशाबियाच्या आत जर्सी घालून वर गेला.
बासष्टच्या उन्हाळ्यात आणखी एक तिरकी रेघ.
अन्सेल्मो पहाटे दुकानात आला, दाढी करून घेतली.
वडिलांनी पैसे घेतले नाहीत.
कोटाखाली काळी बाही दिसत होती,
दोघांनीही तिचा विषय काढला नाही.
दुपारी त्याची बोट सुटली.

एक डोंगर चढून गेला, एक बंदर उतरून.
आईने दोन्ही रेघा सारख्याच कलत्या काढल्या.
वडिलांनी शेजारी लिहिलं:
येणे बाकी.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.
सिमेंट कारखान्याने आम्हांला दत्तक घेतलं,
नावात सिमेंट आलं, जर्सी करडी झाली,
पहिल्यांदाच मोजे जोडीने मिळाले.
मग कारखाना बसला आणि आम्ही पुन्हा हिरवे.

नव्वदच्या दशकाबद्दल काय लिहू?
बसचे पडदे ओढलेले असत.
पुढची चौकी खरी की खोटी
ते गणवेशावरून कळत नसे.
ड्रायव्हर तय्यब बूट बघायचा.
एकदा त्याला बूट आवडले नाहीत,
त्याने बस वळवली, शेतांतून, दिवे विझवून.
सामना आम्ही गैरहजेरीत हरलो. तीन-शून्य.
त्या निकालाइतका आनंद आम्हांला कुठल्याच विजयाचा झाला नाही.

दोनदा खाली घसरलो.
आता सगळ्यात खालच्या वर्गात आहोत,
इथून घसरायला जागा नाही
हा एक आधार असतो.

आई गेली त्या वर्षी शेवटची नोंद:
अठरा रेघा, थरथरत्या,
एकीवर आडवी.

काल पान लिहून दिलं.
१९३८ पासून. रंग हिरवा. करंडक एक.
येणे दोन.
कारकुनाने चष्मा वर केला.
"दोन काय, सी बूजेमा?
दिनार?
आणि कुणाकडून?"

बाहेर पोरं चुन्याने रेषा आखत होती.
शुक्रवारी मस्कराचा संघ येतोय,
आणि गोलकीपरला अजून बूट नाहीत.