हिरवा टॅग

सोहारच्या रिफायनरीत शटडाऊन लागलं की
गुणाजी घाडीगावकर रोज चाळीस मीटर चढतो.
आधी पाइप, मग क्लॅम्प, मग फळी,
शेवटी शिडीच्या तोंडाशी हिरवा टॅग:
चढायला हरकत नाही.

आज तो माझ्यासमोर स्टुलावर बसलाय.
दोन वर्षांतला तिसरा मुतखडा जॅमच्या बाटलीत,
आणि पायाचं हाड, न पडता चिरलेलं.
उन्हाचं आहे, कॅम्पातला कंपाउंडर म्हणाला, पाणी पी.
पाणी तो पितो.
रिपोर्ट वेगळंच सांगतो.

हार्मोन नेमका आहे.
गळ्यातल्या तांदळाएवढ्या चार ग्रंथी
इमानाने निरोप धाडतायत.
पण मूत्रपिंडाच्या पेशीत, भिंतीच्या आतल्या अंगाला,
एक प्रथिन असतं,
जे ना निरोप आणतं, ना दार उघडतं.
नुसतं धरून ठेवतं:
दार चौकटीशी, निरोप्या दाराशी.
त्याची सगळी भावंडं हेच करतात,
कुणी आतड्यात, कुणी आणखी कुठे.
ते ढिलं पडलं
की साधी हाक आरोळी होते,
फॉस्फेट उचलणारे हात भिंतीवरून आत घसरतात
आणि हाडातलं मीठ
लघवीवाटे, बिनबोभाट, निघून जातं.

त्याला लांबलचक नाव आहे.
मी म्हटलं, परांची.

तो हसला, आल्यापासून पहिल्यांदा.
"मगे तो क्लॅम्प कोणी ढिलो सोडल्यान?"
कुणीच नाही. एक अक्षर चुकलं, जन्माआधी.
"आबांकय खडो व्हतो," म्हणाला,
आणि बाटली खिशात घातली.

मग बराच वेळ एसीचाच आवाज.
"काम झाला की आमका उतरवतत.
प्लांटाच्या फोटोत परांची कधी बघितलास?"
नाही बघितली.
आत मात्र ती उतरवत नाहीत, मी म्हटलं,
काम संपतच नाही तिथलं.

कंपनीच्या फॉर्मवर दोन चौकोन: फिट, अनफिट.
दुसऱ्यावर खूण म्हणजे
मस्कतहून मोपाचं विमान,
आणि कणकवलीच्या बँकेत अर्धवट राहिलेलं काहीतरी,
ज्याबद्दल तो बोलला नाही.

माझं पेन थांबलेलं पाहून
त्याने खिशातून एक हिरवा टॅग काढला,
कडा उन्हाने पांढुरक्या झालेला,
आणि फॉर्मवर ठेवला.
"ह्या खालती तारीख असता, बघा.
सात दिवस. मगे परत तपासूचा.
एकदाच बघून कोण सोडता?"